अंतरपाट हलत होता

चिंचवड, ७ सप्टेंबर २०२५

सरूआत्या,

आधी तुझ्या पाया पडते आणि मग ओरडते. आत्या, तो सिनेमा आहे! खरंच आहे! मी पाहिला!

तुला फोनवर ऐकू येत नाही याची एरवी मला हळहळ वाटते. आज वाटलं, बरंच झालं. माझ्या किंचाळण्याने तुझा उरलासुरला कानही गेला असता.

सगळं नीट सांगते. आबा, म्हणजे तुझा दादा, न्हाणीत घसरून पडल्याला आता तीन महिने होतील. हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात, चालवा. पण आबा उठतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, दोन घास खातात न खातात आणि विचारलं की एकच बोलतात : "सरूचं वाटुळं म्या केलं. तिची माफी मागितल्याबिगर मला मरनबी यायचं न्हाई." सत्त्याऐंशी वर्षांच्या आजोबांना नातीने काय समजावणार? दर भाऊबीजेला ते औंढ्याला येतात, ओवाळून घेतात, साडी ठेवतात आणि मान खाली घालून जेवून निघतात, हे मी लहानपणापासून बघतेय. पण माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

त्यांचं मन रमावं म्हणून मी जुनी गाणी शोधत होते. कुणा हौशी माणसाने जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून एक सिनेमा इंटरनेटवर चढवलाय. नाव 'दोन दिवसांची सून', साल १९५८. पाहणारे किती, तर एकशे बारा. मी एकशे तेरावी.

आपल्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सिनेमावाले गावात आले, आबांनी हौसेने सोळा वर्षांच्या बहिणीला नवरी म्हणून पुढे केलं, खोट्या लग्नात खऱ्या अक्षता पडल्या आणि सुदुंबऱ्याचं ठरलेलं स्थळ मोडलं. तू जन्मभर कुंकू लावून एकटी राहिलीस. तो नट वारल्याचं पेपरात आलं तेव्हा गावातल्या बायका तुझं कुंकू पुसायला आल्या आणि तू म्हणालीस, "माझा नवरा सिनेमातला. सिनेमा मेल्याचं पेपरात आलंय का?" खरं सांगू, मला हे सगळं निम्मं रचलेलं वाटायचं. सिनेमाची रिळं जळाली, असंच आबा सांगत आलेत.

आणि काय गोड सिनेमा आहे गं! मनोहर नावाच्या कारकुनाने खंडाळ्याच्या श्रीमंत मामाला थाप मारलीय, माझं लग्न झालं. मामा म्हणतो, सून दाखव. मग हा ऑफिसातल्या टायपिस्ट कुसुमला दोन दिवसांसाठी सून बनवून आणतो. ती टाइपरायटरवर बोटं चालवत गाते. ओळ संपली की घंटा वाजते आणि गाडा परत सरकवताना बरोब्बर त्याच्या कोपराला ढुशी बसते. रेल्वेच्या ढकलगाडीवर एक गाणं आहे. दोघं छत्रीखाली बसलीयत, उतारावर गाडी सुटते, पण गाणं काही थांबत नाही. ढकलणारे ट्रॉलीमन मागून धावत धावत कोरस म्हणतात! एकाचा फेटा सुटतो आणि तोही तालात सुटतो. मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

मग मामा म्हणतो, तुमच्या लग्नाचा फोटो नाही ना, चला, पुन्हा लग्न लावू. मांडव दिसला. मागे आपल्या गावचा डोंगर दिसला. नवरीचा पदर छातीपर्यंत ओढलेला. अक्षता पडल्या, पदर घसरला, क्षणभर चेहरा वर आला आणि हनुवटीवर तुझेच ते तीन गोंदलेले ठिपके. मी तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावला.

तू पदर दातात धरून रडत होतीस, आत्या. खांदे गदगदत होते. मला बघवेना.

एक कर. आबांना दोन ओळी लिही. "दादा, माझा तुझ्यावर राग नाही." एवढंच. ते उठतील.

तुझी राजेश्वरी


औंढे, १३ सप्टेंबर २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

पत्रात इतकी उद्गारचिन्हं घालू नयेत. एकतीस वर्षं बालवाडी चालवली, पण माझी पोरंसुद्धा एवढी किंचाळत नव्हती.

तुझं पत्र वाचलं आणि ओट्यावरच बसले. शेजारच्या उज्ज्वलाने पाणी आणून दिलं. तिला वाटलं, दादाचं काही बरंवाईट झालं. तो सिनेमा जळाला असं ऐकून मी आजवर निर्धास्त होते. इतक्या वर्षांनी तो कुठून उपटला?

तू विचारलं नाहीस तरी सांगते. ती मुंबईची नटी खंडाळ्याच्या बंगल्यात उतरली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला गालगुंड झालं आणि एक गाल वांग्याएवढा सुजला. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला. त्याला तिच्या उंचीची, मान खाली घालून उभी राहणारी कुणीतरी पाहिजे होती. दादा तेव्हा त्यांचं सामान बैलगाडीने आणायचा. तो म्हणाला, "आमची सरू हाय की." गर्दीला डायरेक्टरने सांगितलं, येताना घरून अक्षता घेऊन या. गाव ते, बायांनी खऱ्या हळदीकुंकवाच्या अक्षता केल्या. पुढचं तुला पाठ आहे.

दादाला तो सिनेमा दाखवू नकोस. माझी शपथ आहे.

माफीची चिठ्ठी मी लिहिणार नाही. माफ करावं असं त्याने काही केलेलंच नाही. त्याला जेवायला सांग.

एक मात्र कळव. सिनेमात आवाज आहे का? लग्नाच्या वेळी भटजी काय म्हणतो, ते ऐकू येतं का?

आत्या


चिंचवड, २१ सप्टेंबर २०२५

सरूआत्या,

तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला होता. दोन ओळी लिहायला काय जातं हिचं, असं वाटलं. मग वाटलं, अजून दुखत असेल. एवढ्या वर्षांनी खपली निघाली की माणूस कोरडंच बोलणार. म्हणून राग गिळला.

आणि तू विचारलंस ते ऐकायला बसले. पहिल्या वेळी आबा शेजारच्या खोलीत झोपलेले, म्हणून मी आवाज अगदी बारीक ठेवला होता आणि डोळे सगळे तुझ्यावरच होते. या वेळी कानाला लावून नीट ऐकलं.

आत्या, कशी लिहू? ती मंगलाष्टकं नव्हतीच!

सिनेमातला भटजी भटजी नाहीच. तो मनोहरचा मित्र, कर्जत स्टेशनवरचा तिकीटबाबू. मामाला फसवायला शेंडी चिकटवून आलाय. त्याला मंगलाष्टकं येत नाहीत, म्हणून तो मंगलाष्टकाच्या चालीवर काय म्हणतो ऐक :

गाडी कर्जतला उभी, मग पुढे खंडाळघाटात ये,
चिक्की घेउन या, पुढे मळवली, कान्हे, तळेगाव ये,
शुभ लग्न सावधान!

मी आधी खो खो हसले. नंतर हसू पार आटलं. म्हणजे तुझं लग्न झालंच नव्हतं! खोटं खोटंसुद्धा नाही. भटजी खोटा, मंत्र खोटे. तुझ्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या रेल्वेच्या वेळापत्रकाच्या! आणि त्यापायी तुझं ठरलेलं लग्न मोडलं? त्यापायी तू अख्खा जन्म एकटीने काढलास? गावातल्या एकालाही ऐकू आलं नाही? स्टेशनांची नावं तर मावळातल्या शेंबड्या पोरालाही कळतात!

मला हे कुणाला सांगावं कळेना. आबांना सांगितलं तर ते जागच्या जागी जातील. एका चेष्टेपायी बहिणीचा जन्म वाया गेला, हे ऐकून कोण जगेल? काल त्यांनी भाकरीला हातही लावला नाही. मी रडले की ते म्हणतात, "तू का रडती?" मी काय सांगू?

आत्या, तुला हे कळवू नये असंही वाटलं होतं. पण तूच विचारलंस.

राजेश्वरी


औंढे, २७ सप्टेंबर २०२५

राजेश्वरी,

आधी बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

मी ऐकलं होतं.

त्या दिवशी, तिथेच, उभ्याउभ्या ऐकलं होतं. कान तेव्हा शाबूत होते माझे. डायरेक्टरने वाजंत्र्यांना सांगितलं होतं, थांबू नका, वाजवत राहा. आवाज ते मागाहून मुंबईत भरणार होते. वर त्यांचं जनरेटर धडधडत होतं. दोन हातांवर उभ्या माणसाला काही ऐकू येईना. पण भटजी माझ्या कानाशीच होता. मान खाली, पदर पुढे, मला फक्त पाय दिसत होते. भटजीचे पाय पाहिले तर सोवळ्याखाली बूट! पाय चित्रात येणार नव्हते ना. तेवढ्यात तो सुरात म्हणाला, गाडी कर्जतला उभी. तळेगाव येईपर्यंत हसू दाबायला मी पदर दातात धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तू रडणं म्हणतेस ते हे. गावही हेच म्हणालं, पोरगी रडते बिचारी.

आता पुढचं सांगते. हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही.

संध्याकाळी आमच्या आजीने काढलं, "खोटं का व्हईना, अक्षता पडल्या. डोईवर पडलेली अक्षता माघारी उचलता येत न्हाई." दुसऱ्या दिवशी ते सुदुंबऱ्याला कळलं. तिथल्या हनुमंताशी माझं ठरलं होतं. साटंलोटं होतं ते. मी त्यांच्या घरात जायची आणि हनुमंताची बहीण रेणुका आमच्या दादाला करायची. ती माणसं आली, ओसरीवर बसली. वडिलांनी मला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पोरी, भटजीनं मंगलाष्टका म्हनल्या का?"

एवढंच विचारलं. "न्हाई, गाडीची ठेसनं म्हनली," असं मी बोलले असते तर ओसरी हसली असती आणि विषय संपला असता.

मी मान हलवली. व्हय म्हणून.

तू म्हणशील, स्थळ वाईट असेल. नव्हतं. हनुमंता देखणा होता, कष्टाळू होता, पुढे त्याचा संसार चांगला झाला. मला नको होतं. का नको, हे तेव्हा सांगता आलं नसतं, आजही नीट सांगता येत नाही. मी सातवी झाले होते. मला पोरांना शिकवायचं होतं आणि संध्याकाळी स्वतःच्या चुलीवर स्वतःपुरता चहा करून प्यायचा होता. नको म्हणायची सोय तेव्हा कोणत्या पोरीला होती? देवाने ती मला बूट घातलेल्या भटजीच्या हातून पाठवली आणि मी घेतली. कुंकू होतं म्हणून दुसरं स्थळ कुणी आणलं नाही. नवरा मुंबईत होता म्हणून टाकलेली म्हणालं कुणी, विधवा कुणी म्हणालं नाही. माझं उत्तम चाललं. वाया गेलेला जन्म बघायचा तर दुसऱ्या घरी जाऊन बघ.

एकच वाईट झालं, ते दादाचं. माझ्या एका मानेने त्याचंही लग्न मोडलं. वर्षभराने येसूवहिनी आली, ती गुणाचीच होती, पण दादा माझ्यापुढे पुन्हा हसला म्हणून नाही. त्याआधी आम्ही दोघं हसायला लागलो की आई लाटणं घेऊन बाहेर हाकलायची. मला वाटायचं, हा रेणुकासाठी झुरतोय. वर मलाच बघून लाजतोय, बहिणीचं वाटोळं केलं म्हणून. दर भाऊबीजेला माझ्या ओठांवर यायचं, पण मग मान हलवल्याचं सांगावं लागलं असतं. मी भित्री निघाले, राजेश्वरी. गाव मला वाघीण म्हणतं.

माफी मला मागायची आहे. म्हणून चिठ्ठी लिहिता आली नाही.

आत्या


चिंचवड, ५ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. पहिले दोन दिवस मी ते पुन्हा उघडलंच नाही. खरं सांगते, मला धक्का बसला, आणि तो ओसरल्यावर राग आला. माझा आबा इथे भिंतीकडे तोंड करून सुकतोय आणि तू तिकडे चहा पीत होतीस! सदुसष्ट वर्षं! लहानपणी भाऊबीजेहून परत येताना एसटीत आबा खिडकीबाहेर बघत डोळे पुसायचे. मी विचारलं की म्हणायचे, धूळ गेली. ती धूळ तुझी होती.

हे लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. तुझ्या जागी मी असते तर मीही मान हलवली असती, हेही खरं. मलाही दोन स्थळं नाकारताना पोटदुखीची सोंगं करावी लागली होती.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू म्हणालीस हसत होते, म्हणून मी सिनेमा पुन्हा लावला. थांबवून थांबवून पाहिला. तू हसतेयस! आता कळलं म्हणून दिसतं. पण मला आणखी एक दिसलं.

अंतरपाट हलतोय. मला आधी वाटलं होतं, वारा असेल. पण मांडवाचं तोरण अगदी शांत आहे. भटजीची शेंडी शांत. अंतरपाटाचा डावीकडचा माणूसही खांबासारखा उभा. हलतोय तो फक्त उजवा कोपरा, आणि तोही गदगदून. तो कोपरा धरणाऱ्याचा चेहरा चित्राबाहेर आहे. हात तेवढा आत आलाय.

त्या हाताला सहा बोटं आहेत.

मी तेवढा भाग कागदावर छापून आणला. सोबत पाठवतेय. भिंग लावून बघ. करंगळीच्या बाजूला सहावं बोट. मी त्याच बोटाला धरून चालायला शिकले, आत्या. मी ते दुसऱ्या कुणाचं म्हणू शकत नाही.

आबा तर आयुष्यभर सांगत आलेत की मी लांब बैलांपाशी होतो!

राजेश्वरी


औंढे, ९ ऑक्टोबर २०२५

राजेश्वरी,

दादा तिथे नव्हता. अंतरपाट त्यांच्याच दोन माणसांनी धरला होता. मी पदराखाली होते, मला पाय तेवढे दिसले. एक जोडी चपलांची होती, एक अनवाणी. सिनेमाचा माणूस अनवाणी कशाला असेल, हे मला आज, चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुचतंय.

फोटो सकाळपासून दहा वेळा पाहिला. हात त्याचाच आहे.

म्हणजे त्यानेही ऐकलं होतं. मग तो वडिलांपुढे गप्प का बसला? आज चूलही पेटवली नाही. उज्ज्वला म्हणते डॉक्टर बोलवू. डॉक्टर काय करणार?

शपथ सुटली. त्याला विचार. माझं आधीचं पत्रही वाचून दाखव, सगळं, एक ओळही गाळू नकोस. तो काय म्हणेल ते जसंच्या तसं कळव. शिव्या दिल्या तर शिव्या लिही.

आत्या


चिंचवड, १५ ऑक्टोबर २०२५

आत्या,

जसंच्या तसं लिहितेय.

मी फोटो आबांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मग सहावं बोट दुसऱ्या हाताने झाकलं, जणू तेवढ्याने लपणार होतं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही बैलांपाशी होता ना?"

म्हणाले, "बैलं बांदून आलतो. त्यांचा गडी च्या प्यायला गेला. डायरेक्टर म्हनला, ए, तू धर. म्या धरलं."

"आणि ऐकलं?"

"समदं ऐकलं. कर्जतपासनं तळेगावपातुर. मला हसू आवरंना, हातातलं फडकं हलाया लागलं. तवा म्या सरूकडं बगितलं. म्हनलं, हीबी हसत आसंल. तर ती रडत हुती. खांदं उडत हुते तिचं. माजं हसूच मेलं. वाटलं, वाजंत्रीच्या दणक्यात तिला शबुद ऐकूच गेला न्हाई. पोरीला खरंच वाटलं सगळं."

मग वडिलांनी ओसरीवर विचारलं, तू मान हलवलीस. आबा दाराशी उभे होते. म्हणाले, "म्या सांगायला तोंड उगडलं. आनि मला येसू आटवली."

आत्या, येसूआजी तेव्हा वरसोलीला तिच्या मामाकडे राहायची. बाजारात दोघांची नजरानजर व्हायची. आबांना रेणुका नको होती, पण साटंलोट्यात नको म्हणणार कसं? तुझं मोडलं की त्यांचंही आपोआप मोडणार होतं. "म्या तोंड मिटलं," म्हणाले. "भनीचं मोडून माजं जमवलं. येसूसंगं सुकात र्‍हायलो आनि सरूला कुंकवाच्या खोड्यात घातलं. ती येडी खरं समजून बसली आनि मला ठावं हुतं, त्यात कायबी खरं न्हाई. तिच्याम्होरं कसा हसू?"

ते ढसाढसा रडत होते. मी तुझं पत्र काढलं आणि वाचायला लागले. 'मी ऐकलं होतं' इथे आले तेव्हा त्यांनी रडणं थांबवलं. पुन्हा वाचायला लावलं. 'मी मान हलवली' तिथे पुन्हा वाचायला लावलं. पत्र संपलं तेव्हा आबा पलंगावर उठून बसले होते. त्यांना कुणी उठवलं नाही, आत्या. चार महिन्यांत पहिल्यांदा आपले आपण उठले!

मला वाटलं, आता हसतील. कसलं काय. असे भडकले की शेजारची छकुली दारात येऊन बघायला लागली. "सदुसष्ट वरसं! सदुसष्ट वरसं म्या तिच्या ताटावर मान खाली घालून जेवलो! येसूला हौसेनं कदी औंढ्याला नेली न्हाई, सरूला दुखंल म्हनून! पुरनपोळीची चव कळली न्हाई मला! आनि ती पदराआड हसत हुती?"

मी म्हटलं, आबा, तुम्हीही गप्पच बसलात ना?

"म्या माजं बगून घेतो. तू मला भाऊबीजेला नेती का म्या चालत जाऊ?"

आता रोज काठी घेऊन जिन्यापर्यंत चालतात. तुझ्यावर चिडून चालतात. भाकरी दीड खाल्ली. येऊ ना?

राजेश्वरी


औंढे, २५ ऑक्टोबर २०२५

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

भाऊबीजेला तू दादाला ओट्यावर बसवलंस आणि चिक्की आणते म्हणून लोणावळ्याला पळालीस. चिक्कीला तीन तास लागत नाहीत, एवढं मला कळतं. परत आल्यावर काय झालं म्हणून तू विचारलंस, तेव्हा मी टाळलं, म्हणून आता लिहिते.

सकाळी आरशापुढे कुंकवाचा करंडा घेऊन थांबले होते. लावू की नको? हात सवयीने गेलाच. राहू दे, शोभतं मला.

तू गेल्यावर बोलायची पंचाईत झाली. मला ऐकू येत नाही आणि त्याला ओरडवत नाही. मी बालवाडीची पाटी आणि खडू आणून मध्ये ठेवला. त्याने आधी लिहिलं, "तुला नांदायचं न्हवतं?" मी मान हलवली. लगेच म्हणाले, आता मान नाही, तोंडाने सांगते. नव्हतं. तेव्हाच मला सांगायला काय झालं होतं तुला, असं त्याने लिहिलं. मी म्हटलं, तुला येसूचं सांगायला काय झालं होतं? त्याने पाटी पुसली आणि खडू खाली ठेवला. मांडीला मांडी लावून वाढलो आम्ही, राजेश्वरी. एकाने एक शब्द बोलायचा होता, मग दोघांची लग्नं दोघांनी मिळून मोडली असती आणि वर्षभर त्यावर हसलो असतो.

मी ओवाळलं. माफी मागितली. तो हात झटकून नाही नाही करत होता, म्हणजे तोही माफीच मागत असणार. दोघांच्या माफ्या एकमेकींच्या पायात आल्या. मला तर काही सुचेना, म्हणून मी डोळे मिटले आणि सुरू केलं, गाडी कर्जतला उभी. माझा सूर कसा लागतो ते मला कळत नाही, पण रस्त्यावरची म्हैस थांबली होती. खंडाळ्यापर्यंत आले. चिक्कीची ओळ संपवली. शुभ लग्न सावधान म्हणून डोळे उघडले.

दादाने तोंडाला उपरणं लावलं होतं. खांदे गदगदत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हसतोय की रडतोय? ऐकू येत नाही आणि उपरण्याआडचं दिसत नाही. तो तेव्हा जिथे उभा होता, तिथे आज मी होते. त्याने तेव्हा विचारलं नाही, आणि मीही पुढे कधी त्याला विचारलं नाही. मी त्याचं मनगट धरलं, सहा बोटांचंच, आणि मोठ्याने विचारलं, "दादा, हसतोस का रडतोस?"

त्याने पाटी ओढली. हात इतका हलत होता की अक्षरं वेडीवाकडी आली. लिहिलं, "आदी च्या टाक."

चहा टाकला. या चुलीवर त्याच्यासाठी पहिल्यांदाच हसत टाकला. साखर जास्त झाली, तरी दोन कप प्यायला.

पुढच्या वेळी तो सिनेमा घेऊन ये. आवाज नसला तरी चालेल, ढकलगाडीवरचा फेटा बघायचा आहे.

तुझी
आत्या